दिवान वाद्यवृंद ‘शांततेचा वाद्यवृंद’ नव्हे

इस्रायली आणि अरब तरुणांना ‘दिवान’ वाद्यवृंदात एकत्र बसवून पियानोवादक व वाद्यवृंद-संचालक डॅनियल बॅरेनबॉईम आणि पॅलेस्टिनी-अमेरिकन विचारवंत एडवर्ड सईद यांनी संगीताच्या बळावर वैर मिटवले, ही कथा पंचवीसेक वर्षे सांगितली जाते. ऐकायला ती गोड आहे. मात्र खुद्द बॅरेनबॉईम यांनीच ती नाकारली होती.

१९९९ साली वायमार हे जर्मन शहर युरोपची सांस्कृतिक राजधानी होते आणि त्या वर्षीच्या कला-उपक्रमांत ‘वेस्ट-ईस्टर्न दिवान’ ही कार्यशाळा भरली; तिच्यातूनच हा वाद्यवृंद उभा राहिला. इस्रायली आणि सीरियन चेलोवादक एकाच स्टँडवरील स्वरलिपी वाचत होते, म्हणजे तोच स्वर, तोच गज आणि तेच बारकावे दोघांनाही साधायचे होते, आणि त्यासाठी शेजाऱ्याचे ऐकणे भागच होते. बॅरेनबॉईम यांचा दावा एवढाच होता की अज्ञानाला येथे आव्हान मिळते; वादकांनी एकमेकांचे राजकीय म्हणणे मान्य करावे, अशी अट कधीच नव्हती. वाद होत, तेही कडाक्याचे.

ऑगस्ट २००५ मध्ये पॅलेस्टिनी भागातील रामल्ला शहरात या वाद्यवृंदाने बीथोव्हेनची पाचवी सिंफनी वाजवली, पण तेथे पोहोचण्यासाठी स्पेन सरकारला वादकांना राजनैतिक पारपत्रे द्यावी लागली. पुढच्याच वर्षी लेबनॉनमध्ये युद्ध पेटले, तेव्हा काही अरब वादक आलेच नाहीत. संगीताने सीमा पुसल्या असत्या, तर या पारपत्रांची गरजच काय होती?