संघत्याग

एखाद्या सार्वभौम देशाने पूर्वी आपणहून स्वीकारलेल्या राजकीय संघाचे सदस्यत्व कायदेशीर मार्गाने सोडणे, याला संघत्याग म्हणतात. संघात असताना त्या देशाने जकातीचे दर, परदेशांशी होणारे व्यापारी करार, मासेमारीचे नियम असे काही विषय संघाच्या संस्थांकडे सोपवलेले असतात. बाहेर पडताना तो ते परत घेतो. युनायटेड किंग्डमने ३१ जानेवारी २०२० रोजी युरोपीय संघ सोडला, ती ‘ब्रेक्झिट’ म्हणून ओळखली जाणारी घटना हे या संकल्पनेचे सर्वांत चर्चिलेले उदाहरण होय. संघत्याग आणि विभक्तता यांत फरक आहे. विभक्ततेत अस्तित्वातील राज्यसत्तेचा एक तुकडा अलग होऊन नवा देश जन्मतो. संघत्यागात देश आधीपासून असतो व नंतरही तोच राहतो. या दोहोंहून निराळा तिसरा प्रकार म्हणजे एकाच देशातील एखादा प्रदेश एका घटक राज्यातून दुसऱ्या घटक राज्यात जाणे. त्यात सार्वभौमत्वाचा प्रश्नच उद्भवत नाही.

हा तिसरा प्रकार येथे मुद्दाम नोंदवला आहे, कारण बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार या कर्नाटकातील सीमाभागातील मराठी भाषकांच्या महाराष्ट्रात येण्याच्या मागणीवर फुटीरतेचा शिक्का मारताना हे तिन्ही प्रकार एकमेकांत मिसळले जातात. ‘बेळगाव-कारवार-निपाणी-बिदर-भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ ही सीमालढ्याची घोषणा भारतीय संघातून बाहेर पडण्याची नाही. ती संविधानाच्या अनुच्छेद ३ खाली येणारी मागणी आहे. त्या अनुच्छेदानुसार राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेला असून संबंधित राज्याच्या विधिमंडळाचे मत फक्त मागवले जाते, ते बंधनकारक नसते. राज्यपुनर्रचनेच्या कायद्याने १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर (म्हणजे आजच्या कर्नाटक) राज्यात गेले ते याच अधिकारातून, आणि त्या दिवशी कर्नाटकात राज्योत्सव व सीमाभागात काळा दिन पाळला जातो तोही याच अधिकाराच्या वापरामुळे. भारतीय संघातून निघण्याची वाट मात्र संविधानाने ठेवलेलीच नाही. संविधानाचा मसुदा ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीपुढे मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याचे कारण दिले होते: हा संघ घटक राज्यांनी आपसांत करार करून बनवलेला नाही, म्हणून कोणत्याही राज्याला तो सोडण्याचा हक्क नाही. पुढे १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने भारताचे सार्वभौमत्व व अखंडता यांच्या रक्षणासाठी भाषणस्वातंत्र्यावरही मर्यादा घालता येईल, अशी तरतूद केली.

युरोपीय संघाची घडण नेमकी उलट आहे. तो करारांतून उभा राहिला आणि करार करणारा पक्ष करार सोडूही शकतो, हे तत्त्व २००९ साली अमलात आलेल्या लिस्बन कराराने युरोपीय संघ कराराच्या अनुच्छेद ५० मध्ये प्रथमच स्पष्ट शब्दांत लिहिले. बाहेर पडू इच्छिणाऱ्या देशाने सूचना द्यायची, निर्गमनाचा करार वाटाघाटींनी ठरवायचा, आणि दोन वर्षांत करार झाला नाही व सर्व सदस्यांनी एकमताने मुदतही वाढवली नाही तर सदस्यत्व आपोआप संपते. मुदतीचे हे कलम दिसते तितके साधे नाही. घड्याळ निघणाऱ्याच्या विरोधात चालते, कारण करार न होता बाहेर पडण्याचा फटका सत्तावीस देशांच्या बाजारपेठेपेक्षा एकट्या देशाला जास्त बसणार असतो. ब्रिटनने २९ मार्च २०१७ रोजी सूचना दिली आणि मुदत तीन वेळा वाढवून घ्यावी लागली. दरम्यान, दिलेली सूचना देशाला एकतर्फी मागे घेता येते, असा निर्णय युरोपीय न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये दिला; म्हणजे उंबरठा ओलांडेपर्यंत मागे फिरण्याची मुभा होती.

या वादाच्या मुळाशी सार्वभौमत्व कोठे वसते हा प्रश्न होता. ब्रिटनमध्ये लिखित संविधान नाही. तेथील पारंपरिक सिद्धांतानुसार संसद सर्वश्रेष्ठ असून कोणतीही संसद आपल्यानंतरच्या संसदेला बांधू शकत नाही. १ जानेवारी १९७३ रोजी युरोपीय समुदायात, म्हणजे युरोपीय संघाच्या पूर्वरूपात, प्रवेश करताना १९७२ च्या कायद्याने युरोपीय कायद्याला देशांतर्गत कायद्यावर वरचष्मा दिला गेला. त्याचा अर्थ लोकांना उमगला तो स्पॅनिश मासेमारी नौकांच्या खटल्यात: त्या नौकांना ब्रिटिश नोंदणीपासून रोखणारा १९८८ चा ब्रिटिश कायदा युरोपीय कायद्याशी विसंगत म्हणून लागू करू नये, असा आदेश १९९० मध्ये खुद्द ब्रिटिश न्यायाधीशांनी दिला. सार्वभौमत्व गहाण पडले, असे त्यागवाद्यांनी म्हटले. ज्या संसदेने १९७२ चा कायदा केला तिला तो केव्हाही रद्द करता येतो, तेव्हा सार्वभौमत्व गेलेच नव्हते, असे उत्तर राहू इच्छिणाऱ्यांनी दिले. तर्काच्या कसोटीवर दुसरी बाजू सरस ठरते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. परंतु जो अधिकार वापरायचा तर सारे घर मोडावे लागते, तो रोजच्या व्यवहारात असून नसल्यासारखा होतो, हा पहिल्या बाजूचा अनुभवही खोटा म्हणता येत नाही.

संसदेच्या सर्वश्रेष्ठतेचा हा वाद मराठी वाचकाला परका नाही. बेळगावात शिकलेले आणि १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगावातच निधन पावलेले बॅरिस्टर नाथ पै यांनी राजापूरचे खासदार म्हणून १९६७ साली लोकसभेत एक खासगी विधेयक मांडले होते. मूलभूत हक्कांना कात्री लावणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात त्याच वर्षी दिला होता, आणि दुरुस्तीचा अधिकार लोकप्रतिनिधींकडे परत यावा, असा नाथ पै यांचा आग्रह होता. विधेयक त्यांच्या हयातीत मंजूर झाले नाही. त्यांच्या पश्चात १९७१ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीने तोच अधिकार दिला आणि १९७३ च्या केशवानंद भारती निकालाने त्याला संविधानाच्या मूळ चौकटीचे कुंपण घातले. भारतात संसदही संविधानाच्या चौकटीतच वागते. ब्रिटनमध्ये तसे कुंपण नसल्यामुळे तेथील वाद अधिक तीव्र झाला.

सार्वभौमत्व लोकांचे असे म्हटले, तरी लोक म्हणजे कोण आणि मते कोणत्या घटकावर मोजायची, हा त्याहून अवघड प्रश्न उरतो. २३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के मते बाहेर पडण्याच्या व ४८.१ टक्के मते राहण्याच्या बाजूने पडली. संपूर्ण युनायटेड किंग्डम हा एकच घटक धरल्याने हा निकाल सर्वांना लागू झाला. परंतु स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के आणि उत्तर आयर्लंडमध्ये ५५.८ टक्के मतदारांनी राहण्याचा कौल दिला होता. घटक बदलला असता तर निकालही बदलला असता. सीमाभागातल्या माणसाला हे गणित कोणी शिकवावे लागत नाही. १९५६ मध्ये जिल्हा हा घटक धरला गेला. चंदगड तालुका तेवढा वगळून बाकी सारा बेळगाव जिल्हा म्हैसूरकडे गेला. संपूर्ण जिल्ह्यात कन्नड भाषक बहुसंख्य आहेत, हे कर्नाटकाचे म्हणणे जिल्हा हा घटक धरला तर बरोबर ठरते. उलट ‘खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा’ या चतुःसूत्रीवर, म्हणजे आंध्र-मद्रास सीमावादात मध्यस्थ ह. वि. पाटसकर यांनी लावलेल्या निकषांवर, महाराष्ट्राची मागणी उभी आहे. या वादासाठी केंद्राने नेमलेल्या व १९६७ साली अहवाल देणाऱ्या महाजन आयोगाने बेळगाव शहर कर्नाटकात ठेवले; कर्नाटक तो अहवाल अंतिम मानते, महाराष्ट्राला तो मान्य नाही. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये ८६५ गावांसंबंधी ठराव विधिमंडळात एकमताने संमत केला.

चतुःसूत्रीतील चौथे सूत्र प्रत्यक्ष मतपेटीतून आजमावले गेले ते बेळगावच्या शेजारीच, गोव्यात. १६ जानेवारी १९६७ रोजी तेथे जनमत कौल घेण्यात आला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित प्रदेश म्हणून राहायचे, हा प्रश्न होता. १,७२,१९१ मतदारांनी वेगळे राहण्याची व १,३८,१७० मतदारांनी विलीनीकरणाची बाजू घेतली. बेळगावात असा कौल कधीही घेतला गेला नाही.

ब्रिटनखेरीज इतरांचे अनुभव, ते वरील व्याख्येत काटेकोरपणे बसत नसले तरी, थोडक्यात सांगता येतील. अल्जीरिया १९६२ मध्ये फ्रान्सपासून स्वतंत्र होताना युरोपीय समुदायाबाहेर गेला. डेन्मार्कच्या राज्यातील ग्रीनलंडने १९८२ च्या सार्वमतानंतर १ फेब्रुवारी १९८५ रोजी समुदाय सोडला. तेथे कळीचा विषय मासेमारीच्या हक्कांचा होता. सिंगापूर ९ ऑगस्ट १९६५ रोजी मलेशियातून बाहेर पडले असे म्हटले जाते, पण खरे तर त्याला बाहेर काढण्यात आले होते. सोव्हिएत संघाच्या १९७७ च्या घटनेत प्रजासत्ताकांना बाहेर पडण्याचा हक्क कागदोपत्री होता. तो प्रत्यक्षात आला तेव्हा संघच उरला नाही.

संघत्यागाची किंमत सर्वाधिक जाणवते ती सीमारेषेवर. आयर्लंड बेटावरील सुमारे ५०० किलोमीटरची सीमा १९९८ च्या शांतता करारानंतर जवळपास अदृश्य झाली होती. तेथे पुन्हा तपासणी नाके उभे राहू नयेत म्हणून ग्रेट ब्रिटनमधून उत्तर आयर्लंडला जाणाऱ्या मालाची तपासणी समुद्रमार्गावर होऊ लागली, म्हणजे देशाच्या दोन भागांमध्येच कागदपत्रे आली. ब्रिटन व युरोपीय संघ यांच्यात ठरलेल्या २०२३ च्या विंडसर आराखड्याने ही तपासणी सौम्य केली. बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला निघाले की शिनोळी लागते आणि तेथे कर्नाटक संपून महाराष्ट्राचा चंदगड तालुका सुरू होतो. दुकानांच्या पाट्यांची भाषा बदलते. बाजाराला निघालेल्या शेतकऱ्याला कोणी अडवत नाही, कारण भारतभर व्यापार मुक्त राहील हे अनुच्छेद ३०१ ने आधीच ठरवलेले आहे. कोविडच्या साथीत राज्यसीमेवरील कोगनोळी नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्यांची तपासणी सुरू झाली, तेव्हा निपाणीकडच्या लोकांना सीमा म्हणजे काय ते काही महिन्यांपुरते कळले होते.