थायरॉइडची सोनोग्राफी

थायरॉइड म्हणजेच अवटू ग्रंथीची रचना ध्वनिलहरींनी पाहण्याची तपासणी. मानेवर गाठ हाताला लागली, गळा फुगलेला दिसला किंवा दुसऱ्याच कारणाने केलेल्या स्कॅनमध्ये गाठ सापडली, की डॉक्टर ही तपासणी सांगतात. ग्रंथी हार्मोन कमी बनवते की जास्त, हे तिच्यातून ठरत नाही. त्यासाठी टीएसएचसारख्या रक्ततपासण्याच लागतात.

उपाशी राहावे लागत नाही, औषधेही थांबवावी लागत नाहीत. गळ्यातले दागिने काढावेत आणि जुने रिपोर्ट असतील तर जरूर न्यावेत, कारण गाठ वाढली की तेवढीच आहे हे तुलनेनेच कळते. उताणे झोपवून खांद्यांखाली उशी देतात, त्यामुळे हनुवटी वर जाऊन मान ताणली जाते. मानेचे दुखणे असल्यास आधीच सांगावे. तपासणीत त्रास होतो तो बहुधा या अवघडण्याचाच. मग जेल लावून प्रोब (ध्वनिलहरी सोडणारे हातातले उपकरण) फिरवतात. मध्येच ‘आवंढा गिळा’ असे सांगतात. गिळताना ग्रंथी वर सरकते आणि तिचे खालचे टोक नीट दिसते. छातीच्या हाडामागे उतरलेला भाग मात्र सोनोग्राफीत दिसत नाही. सगळे साधारण अर्ध्या तासाच्या आत आटोपते. क्ष-किरण वापरले जात नसल्याने गरोदरपणातही ही तपासणी करता येते.

रिपोर्टमधला ‘नोड्यूल’ (म्हणजे गाठ) हा शब्द वाचून अनेकांची झोप उडते. पण थायरॉइडच्या बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या नसतात. गाठ भरीव आहे की पाण्याची, कडा कशा आहेत, आत कॅल्शियमचे बारीक ठिपके आहेत का, ती रुंदीपेक्षा उंच आहे का, यांवरून गुण देतात. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीच्या २०१७ च्या ‘टायरॅड्स’ पद्धतीत १ ते ५ असे स्तर आहेत; स्तर जितका वरचा, तितकी कर्करोगाची शंका जास्त. पाचव्या स्तराची गाठ १ सेंमी झाली तरी सुईची तपासणी (गाठीतल्या पेशी सुईने काढून तपासणे) सुचवतात; तिसऱ्या स्तरात हीच मर्यादा २.५ सेंमी आहे. पहिल्या दोन स्तरांत सुई लागत नाही.

काही मिलिमीटरच्या गाठीही दिसत असल्याने लक्षणे नसताना ‘सहज म्हणून’ केलेली तपासणी नुकसानीची ठरू शकते. दक्षिण कोरियात अशा तपासण्या सर्रास सुरू झाल्यावर २०११ मध्ये थायरॉइड कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण १९९३ च्या सुमारे १५ पट झाले, मृत्यूंचे प्रमाण मात्र जवळपास तेवढेच राहिले. निदान झालेल्या बहुतेकांची ग्रंथी शस्त्रक्रियेने काढली गेली, आणि त्यातल्या अनेकांना आयुष्यभर गोळ्या घ्याव्या लागल्या.