बाटलीच्या आधीचा इतिहास: इनुइट वस्त्यांमधलं व्यसनमुक्तीचं काम

कॅनडाच्या उत्तरेकडच्या, आर्क्टिकमधल्या इनुइट आदिवासींच्या वस्त्यांची बातमी आपल्यापर्यंत पोचते ती बहुधा दारूची, नाहीतर आत्महत्यांची. त्या बातम्यांत एक गोष्ट सहसा येत नाही. 2007-08 च्या आरोग्य पाहणीत दारूला अजिबात न शिवणाऱ्या इनुइटांचं प्रमाण उर्वरित कॅनडापेक्षा जास्त निघालं होतं. जे पितात, त्यांच्यात मात्र एका बैठकीत बेसुमार पिणारे पुष्कळ. म्हणजे सगळा समाज दारूत बुडालेला नाही. समाजातल्या काही माणसांना काहीतरी विसरायचं आहे. ते काय, हे समजून घेतल्याशिवाय तिथल्या व्यसनमुक्तीच्या कामाचा अर्थ लागत नाही.

1950 च्या आसपासपर्यंत बहुतेक कुटुंबं ऋतूप्रमाणे मुक्काम हलवत, सील, कॅरिबू (रेनडिअर) आणि मासे यांवर जगत. पुढच्या वीसेक वर्षांत ही घडी पार विस्कटली. 1953 आणि 1955 मध्ये सरकारने क्वेबेकमधल्या इनुकजुआकहून काही कुटुंबं उचलून सुमारे 2000 किलोमीटर उत्तरेला, ग्रीस फिओर्ड आणि रेझोल्यूटला नेऊन ठेवली. क्षयाच्या रोग्यांना जहाजाने दक्षिणेत नेलं जाई. 1956 पर्यंत दर सात इनुइटांपैकी एक जण तिथल्या सॅनेटोरियममध्ये होता. काही जण परत आलेच नाहीत आणि त्यांना कुठे पुरलं हेही घरच्यांना कळलं नाही. मुलं निवासी शाळांत गेली. तिथे त्यांची भाषा तुटली, अनेकांवर अत्याचार झाले.

याच काळात स्लेज ओढणारी कुत्री मोठ्या संख्येने मारली गेली, त्यांतली बरीच पोलिसांच्या गोळ्यांनी. कुत्री गेली की शिकारी वस्तीत अडकला. शिकारीला जाता येईना, घरात मांस येईना, मुलाला शिकवण्यासारखं हातात काही उरेना. सरकारी मदतीच्या चेकची वाट पाहणं तेवढं राहिलं. बॅफिन बेटाच्या भागासाठी नेमलेल्या क्विकिक्तानी सत्यशोधन आयोगाने 2007 पासून गावोगाव फिरून या आठवणी नोंदवल्या; 2019 मध्ये केंद्र सरकारने त्याबद्दल माफी मागितली. त्याच्या कितीतरी आधी, 1983 मध्ये, युरोपने सीलच्या पिल्लांच्या कातड्यांची आयात थांबवली, भाव कोसळले आणि काडतुसं-पेट्रोलपुरते जे पैसे मिळत तेही गेले.

दारू आली ती या पडझडीत. फ्रोबिशर बे, म्हणजे आजचं इकालुइत, इथे विमानतळ आणि लष्करी कामांमुळे दक्षिणेतून आलेल्या माणसांची वर्दळ होती. 1960 च्या सुमारास इनुइटांनाही दारू विकत घेण्याची मुभा मिळाली. गावाची अवस्था इतकी बिघडली की 1976 मध्ये तिथलं दारूचं दुकान बंद करावं लागलं. त्यानंतर वस्त्यांनी मतदानाने स्वतःचे नियम ठरवले: कुठे पूर्ण बंदी, कुठे स्थानिक समिती परवानगी देईल तेवढीच. ज्या घरांत मारझोड होत होती तिथल्या बायकामुलांसाठी ही बंदी मोलाचीच होती, आणि तिला नावं ठेवणं मला पटत नाही. पण चोरटी दारू विमानाने येतच राहिली, तीही कित्येक पट दराने. इकालुइतमध्ये बिअर-वाइनचं दुकान पुन्हा उघडलं ते 2017 मध्ये.

दुकान उघडं असो वा बंद, उपचाराचा प्रश्न तसाच होता. इकालुइत ज्याची राजधानी आहे त्या नुनावुत या इनुइटबहुल प्रदेशात 25 वस्त्या आणि एकीतून दुसरीत जायला रस्ता नाही. व्यसन सोडू पाहणाऱ्याला विमानाने दक्षिणेत पाठवायचं, अनोळखी शहरात, इंग्रजीत समुपदेशन घ्यायला. काही आठवड्यांनी तो परतायचा त्याच गर्दीच्या घरात, जिथे बाकी काहीच बदललेलं नसे. ओटावातल्या इनुइट संस्थेने 2003 मध्ये मामिसार्विक केंद्र सुरू करून निदान इनुक्तितुत या त्यांच्या भाषेत बोलण्याची सोय केली, पण पैशाअभावी 2016 मध्ये तिथले निवासी उपचार थांबले. अशा कामाला दरवर्षी निधीसाठी हात पसरावा लागतो, हे मला सर्वांत जास्त खुपतं.

टिकलं ते गावातून उगवलेलं काम. बॅफिन बेटावरच्या क्लाइड रिव्हरमध्ये 1997 पासून इलिसाक्सिविक ही संस्था आहे. ती कुटुंबंच्या कुटुंबं वस्तीबाहेर तळावर नेते. दिवसा शिकार, मासेमारी, उलू नावाच्या अर्धगोल सुरीने सीलचं कातडं साफ करणं. आणि हात कामात असताना आजी-आजोबांच्या सोबतीने जुनी दुखणी बोलून दाखवणं. कुत्र्यांची स्लेज हाकायलाही तिथे मुलं शिकतात. शिवाय गावातल्याच माणसांना समुपदेशक म्हणून तयार केलं जातं. भाषा आणि नाती दोन्ही ठाऊक असल्याने त्यांच्यापाशी माणूस लवकर मोकळा होतो.

इनुइटांचीच बहुसंख्या असलेल्या शेजारच्या ग्रीनलंडने 1979 ते 1982 दारूचं रेशनिंग करून पाहिलं. 2016 पासून तिथे अलोर्फिक या यंत्रणेतर्फे उपचार मोफत मिळतात. त्याच वर्षी कॅनडातल्या इनुइटांच्या राष्ट्रीय संघटनेने उत्तर क्वेबेकमधल्या कुजुआक गावात आत्महत्या प्रतिबंधाचं धोरण जाहीर केलं, त्यात व्यसनाची मुळं थेट या इतिहासात शोधली.

कुजुआकमध्येच 1994 पासून इसुआर्सिविक हे केंद्र आहे. कित्येक वर्षं तिथे जेमतेम नऊ खाटा होत्या. 2023 मध्ये नव्या इमारतीत त्या 32 झाल्या आणि मुलांसह अख्ख्या कुटुंबाला राहण्याची सोय झाली. लेकरांना कुणाकडे सोपवायचं, या एका काळजीपायी कित्येक आया उपचाराला जातच नसत. आता त्या मुलांना सोबत घेऊन येऊ शकतात.