नाथसागरावरच्या लाटांचं गणित

खुल्या समुद्रावर ताशी 62 ते 74 किलोमीटर वारा सुटला की ते वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या बोफर्ट मापनातलं आठवं बळ. तो पुरेसा वेळ वाहिला, तर लाटा साडेपाच ते साडेसात मीटरपर्यंत चढतात. पैठणच्या जायकवाडी जलाशयावर, म्हणजेच नाथसागरावर, तेवढ्याच वाऱ्यात एवढ्या लाटा उठत नाहीत, कारण लाट नुसत्या वेगावर वाढत नाही. वारा किती वेळ वाहिला आणि पाण्यावरून किती अंतर मोकळा धावला, हेही तितकंच मोजावं लागतं.

एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वावधान सुटतं. ढगातून पडणारे थेंब खालच्या कोरड्या हवेत अर्ध्या वाटेवरच वाळतात, हवा थंड आणि जड होऊन खाली कोसळते आणि जमिनीला टेकताच चहूकडे पसरते. पाऊस अजून दहा-पंधरा किलोमीटर लांब असताना धुळीची भिंत आणि गार झोत येऊन पोचतो तो यामुळे. हा वारा ताशी 45 किलोमीटरने अर्धा तास वाहिला, तर लाट जेमतेम वीतभर होते. जोर भयंकर असला तरी लाट वाढायला वेळच मिळत नाही. तिथं धोका वेगळा आहे: थर्माकोलच्या तराफ्याला वारा थेट ढकलत नेतो, वल्ह्याचं चालत नाही, आणि वर वीज. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून तीनाने भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. हे अंतर दहा किलोमीटरपर्यंत उतरायच्या आत काठावर असायला हवं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात उतरू नये.

खरी मोठी लाट पावसाळ्यातला साधा वाटणारा पश्चिमेचा वारा उठवतो. धरणाची भिंत जलाशयाच्या पूर्व टोकाला, आणि पाणी पश्चिमेकडे लांबवर पसरलेलं. म्हणजे वाऱ्याला धावायला जवळजवळ पूर्ण लांबी मिळते. ताशी 30 किलोमीटर वारा पाच तास टिकला आणि 25 किलोमीटर पाणी मोकळं असलं, तर लाट दोन फुटांच्या आसपास जाते. ही उंची सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. त्यामुळे अधूनमधून एखादी चार फुटांचीही येते, आणि होडी भरते ती बहुधा तिच्यामुळेच. जूनमध्ये पाणी आटलेलं असताना ही धाव तोकडी असते. भरलेल्या धरणात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तोच वारा जास्त उंच लाट करतो.

या लाटा आखूड असतात. दोन शिखरांमध्ये साडेतीन सेकंद, म्हणजे सुमारे 20 मीटर. समुद्रावर दहा सेकंदांची लाट दीडशे मीटर लांब असते, होडी तिच्यावर सावकाश चढते-उतरते. इथं नाक वर येतं न येतं तोच पुढची लाट अंगावर. भिंतीजवळ आणखी कठीण: दगडी पिचिंगवरून, म्हणजे भिंतीच्या उतारावर रचलेल्या दगडांवरून, परतलेल्या लाटा येणाऱ्यांना भिडतात आणि पाणी उभं उसळतं. उथळ जागी लाटेची उंची खोलीच्या पंचाहत्तर-ऐंशी टक्क्यांवर गेली की ती फुटते. पाण्याखालच्या उंचवट्यावर पांढरा फेस दिसला तर तिकडे जाऊ नका.

समुद्रावरच्या लाटांचा अंदाज हैदराबादची इन्कॉइस संस्था देते. नाथसागरावर जाणाऱ्याने हवामान खात्याच्या जिल्हावार अंदाजातला वाऱ्याचा आकडा आणि दिशा पाहून स्वतःच हिशोब मांडावा. सकाळपासून पश्चिम वारा धरून असेल, तर दुपारचं जाळं पश्चिम काठालगतच टाकावं, कारण तिथं वाऱ्याला धावायला जागाच नसते.

मध्ये सापडलात तर होडी लाटेला आडवी होऊ देऊ नका. नाक लाटेकडेच, पण थोडं तिरकं ठेवून हळू वल्हवा. सगळे जण तळाशी बसा, ओली जाळी खाली ठेवा. आत साठलेलं पाणी लगेच उपसा, कारण ते एका बाजूला धावलं की होडी तिकडेच कलंडते. नांगर टाकायचा तर नाकाकडूनच. मागून टाकला तर लाट सरळ आत शिरते. उलटली, तर पोहत काठ गाठायला निघू नका, होडीला धरून राहा. लाकडी होडी सहसा तरंगत राहते आणि शोधणाऱ्याला माणसाच्या डोक्यापेक्षा ती लांबून दिसते.