सा, प आणि साडेचारशे व्होल्ट

“कूलर बंद कर आधी. मले आवाज ऐकू दे,” काका म्हणाले.

मे महिन्यातली दुपार, नागपूरच्या महाल भागातलं वरच्या मजल्यावरचं घर, बाहेर ४५ अंश. मित्राने निमूट कूलर बंद केला. समोर सतरंजीवर त्याच्या मामांचा गिटारचा ॲम्प होता. इंग्लंडमध्ये बनलेला, १९८० च्या दशकातला, १०० वॅटचा आणि व्हॉल्व्हचा. मामा बोटीवर नोकरीला असताना त्यांनी तो आणला होता. नंतर बरीच वर्षं तो माळ्यावर पडून राहिला. काकांचं इतवारीतलं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आता मुलगा सांभाळतो, पण व्हॉल्व्हचं नाव ऐकल्यावर ते स्वतः जिना चढून आले. मागची जाळी काढून आत डोकावले आणि म्हणाले, “अबे, हा तं रेडिओच आहे. फक्त स्टेशन घरातलं आहे.”

कूलर चालू होता तोवर स्पीकरमधून दोन गुणगुणी येत होत्या. कूलर थांबला तशी एक गेली, दुसरी राहिली. मित्राने गिटारच्या सहाव्या तारेचा तिसरा पडदा दाबून पाहिला. तो सूर ९८ हर्ट्झचा असतो. उरलेल्या गुणगुणीशी तो जवळजवळ मिळाला, पण दोघांच्या मिळून सेकंदाला दोन संथ हिंदकळ्या येत राहिल्या. म्हणजे गुणगुण १०० हर्ट्झची होती.

या दोन गुणगुणींतच रोगाचं निदान होतं. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची असते. कोराडीच्या औष्णिक केंद्रातली जनित्रं मिनिटाला ३००० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला ५०. कूलरच्या मोटरचं चुंबकीय क्षेत्र त्याच तालात धडधडतं आणि गिटारच्या पिकअपमधली (तारांचं कंपन विजेत बदलणारा भाग) तारेची गुंडाळी ते पकडते. ॲम्पच्या आत मात्र वीज एकदिश करताना प्रत्येक उलटी लाट सुलटी केली जाते, त्यामुळे सेकंदाला ५० ऐवजी १०० उंचवटे तयार होतात. ते सपाट करण्याचं काम फिल्टर कपॅसिटरचं. तो थकला की १०० ची गुणगुण सुटते. काकांनी हे कान देऊन ओळखलं, आम्ही गिटार घेऊन.

कपॅसिटर थकणारच होते. या जातीच्या कपॅसिटरमध्ये ओलसर रसायन असतं आणि तापमान दर १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. नागपूरचा माळा उन्हाळ्यात किती तापतो हे इथल्या माणसाला सांगायला नको. व्हॉल्व्हला मात्र आपल्या उन्हाचं काहीच वाटत नाही, कारण त्याच्या आतली कॅथोडची नळी ७००-८०० अंशांना तापलेली असते.

व्हॉल्व्ह हे यंत्र मला आजही थक्क करतं. काचेच्या नळीतली हवा काढून घ्यायची. मधल्या कॅथोडवर बेरियम आणि स्ट्राँशियमच्या ऑक्साइडचा लेप द्यायचा आणि तो तापवायचा, की त्यातून इलेक्ट्रॉन उकळून बाहेर पडतात. समोरच्या प्लेटवर काहीशे व्होल्ट धन दाब दिला की ते तिकडे धावतात. इथवरचा, दोन अग्रांचा व्हॉल्व्ह इंग्लंडमध्ये फ्लेमिंग यांनी १९०४ साली केला. १९०६ मध्ये अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी मध्ये जाळीसारखं तिसरं अग्र घातलं, आणि तीच खरी युक्ती. शेतात पाणी देताना पाटाच्या तोंडाशी ढेकूळ जरासं सरकवलं तरी वाफ्यातलं सगळं पाणी कमीजास्त होतं, तशी ती मधली जाळी. जाळीवर क्षीण लहर आली की प्लेटकडे जाणारा मोठा प्रवाह तिच्याबरहुकूम हलतो. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून असे व्हॉल्व्ह आपल्याकडेच बनवले. काकांच्या पिशवीत त्यांची पुठ्ठ्याची दोन खोकी होती, अजून न उघडलेली.

आता गिटारकडे. पिकअपमधून साधारण एक दशांश व्होल्ट निघतो असं धरा. ईसीसी८३ नावाच्या चिमुकल्या व्हॉल्व्हचा एक भाग तो पन्नासेक पट करतो : ५ व्होल्ट. दुसरा भाग पुन्हा पन्नास पट : २५० व्होल्ट. तिसरा पुन्हा पन्नास पट, म्हणजे १२,५०० व्होल्ट! पण त्या व्हॉल्व्हला पुरवठाच तीनेकशे व्होल्टचा असतो. मधली गळती हिशेबात घेतली तरी लाटेला डोकं वर काढायला जागा उरत नाही. तिचा माथा छाटला जातो, तळही छाटला जातो. हाय गेन म्हणतात ते हेच.

छाटलेली लाट कानाला वेगळी का वाटते? गोलसर लाटेत एकच सूर असतो. कोपरे आले की त्या सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सूर तिच्यात जन्माला येतात. तानपुऱ्याची जवारी ज्यांनी लावून घेतली आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल. घोडीवर तार मोकळी न सुटता घासत राहते, त्यातून वरचे स्वर फुलतात आणि खर्जाच्या तारेत कुणी न लावलेला स्वयंभू गंधार ऐकू येतो. गिटारची जवारी व्हॉल्व्हमध्ये आहे, असं मी मानतो.

गंमत म्हणजे या ॲम्पच्या पूर्वजांकडून आवाज स्वच्छ यावा, अशीच अपेक्षा होती. फेंडर बॅसमन तर बास गिटारसाठी होता. लंडनच्या हॅनवेल भागात वाद्यांचं दुकान चालवणाऱ्या जिम मार्शल यांनी आणि त्यांच्या कारागिरांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्याच सर्किटवरून आपला पहिला ॲम्प बांधला. त्याचा आवाज फाटायचा, म्हणजे लाट छाटली जायची, पण पूर्ण आवाजावर नेल्यावरच. १९७५ च्या सुमारास मार्शलने लाट मोठी करणाऱ्या व्हॉल्व्हच्या पायऱ्या एकामागे एक जोडून शेवटी मास्टर व्हॉल्यूम दिला, आणि सुरुवातीचा भाग हवा तितका चेपून एकूण आवाज आवाक्यात ठेवता येऊ लागला. कॅलिफोर्नियात रँडल स्मिथ यांनी आपल्या मेसा बूगी ॲम्पमध्ये हाच रस्ता धरला होता. पुढे १९८७ मध्ये सोल्डानोचा ॲम्प आला, १९९२ मध्ये पीव्ही कंपनीचा ५१५०.

पण पायऱ्या वाढवणं सोपं आहे. नुसत्या वाढवल्या तर चिखल होतो. हेवी मेटल संगीताचा ॲम्प घडतो तो कुठे काय कापलं यावरून, आणि जुन्या व्हॉल्व्हच्या छापावर हजारो रुपये उधळणाऱ्यांना मला हेच सांगावंसं वाटतं.

पहिला काप खर्जाचा. गिटारच्या लाटेत खालचे सूर सर्वांत थोराड असतात आणि वरचे बारीक सूर त्यांच्या पाठीवर बसून येतात. थोराड लाट छतावर आपटली की पाठीवरचे बारीक सूर त्या क्षणी पुसले जातात. त्यालाच वादक ‘भसभस’ म्हणतात. म्हणून खर्ज आधीच उतरवायचा. बॅसमनच्या पहिल्या व्हॉल्व्हपाशी २५० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असायचा, जो सगळा खर्ज पुढे जाऊ देतो. मार्शलच्या लीड ॲम्पमध्ये तिथे ०.६८ चा आला. या एवढ्याशा बदलाने सुमारे २०० हर्ट्झच्या खालचं वजन हलकं झालं आणि तळव्याने तारा दाबून वाजवलेले ते ‘चग-चग’ तुकडे सुटे ऐकू येऊ लागले. मेसाच्या मार्क मालिकेत तर सुरांची छाटणी फाटण्याच्या आधी होते, आणि घालवलेला खर्ज पाच पट्ट्यांच्या ग्राफिक इक्वलायझरने नंतर परत भरता येतो. १९८० च्या दशकातल्या मेटॅलिका या मेटल बँडच्या घट्ट आवाजामागे असाच ॲम्प होता.

दुसरा काप एकांगी. मार्शलच्या जेसीएम८०० या ॲम्पच्या दुसऱ्या पायरीत कॅथोडखाली नेहमीच्या दीड-दोन हजारांऐवजी १०,००० ओहमचा रेझिस्टर आहे. त्यामुळे तो व्हॉल्व्ह अर्धवट मिटलेल्या डोळ्यांनी बसलेला असतो. लाटेची एक बाजू येताच पूर्ण मिटतो, दुसरी बाजू बरीचशी जाऊ देतो. दोन्ही बाजू सारख्या छाटल्या तर मूळ सुराच्या तिप्पट, पाचपट असे विषम पटीतलेच सूर मिळतात. एकांगी छाटणीत दुप्पट, चौपटही येतात, आणि दुप्पट म्हणजे वरचा षड्जच.

आता माझा सगळ्यांत आवडता भाग. मेटलचे वादक तीन सुरांची कॉर्ड टाळून दोनच सूर वाजवतात, त्याला पॉवर कॉर्ड म्हणतात. ते दोन सूर म्हणजे आपले सा आणि प. त्यांचं नातं २ ला ३ असं आहे. चौथ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर १६४.८ हर्ट्झ, तिसऱ्या तारेच्या चौथ्या पडद्यावर २४६.९. दोन सूर छाटणीतून एकत्र गेले की त्यांची वजाबाकीही जन्माला येते : ८२.१. गिटारची सर्वांत जाड, सहावी तार ८२.४ वर मिळवलेली असते. म्हणजे सा-प वाजवला की ऐकणाऱ्याला खालचा सा मिळतो, जो कुणी छेडलेलाच नसतो.

पंचमाऐवजी गंधार घ्या. शुद्ध गंधाराचं नातं ४ ला ५. पण गिटारचे पडदे हार्मोनियमच्या पट्ट्यांसारखेच सारख्या वाटणीचे असल्याने तो गंधार २०७.७ हर्ट्झवर, थोडा चढा पडतो. स्वच्छ आवाजात ते खपून जातं. छाटणीत वजाबाकी येते ४२.९, आणि ही जागा अतिखर्जातला सा आणि कोमल रिषभ यांच्या मधेच कुठेतरी आहे. अशी चार-सहा भरकटलेली बाळं एकमेकांना घासू लागली की कॉर्ड खरखरते. पंचमही पडद्यांवर किंचित सरकलेला असतो, पण इतका कमी की कान तक्रार करत नाही.

शेवटचा काप स्पीकरचा. गिटारचा १२ इंची कागदी शंकू ५,००० हर्ट्झच्या वर झपाट्याने मंदावतो. छाटणीतून निघालेला वरचा सगळा चरचराट तिथे गळून पडतो. हाच आवाज चांगल्या हायफाय स्पीकरवर काढून पाहा, कान चावल्यासारखा होतो.

काकांनी काम सुरू केलं तेव्हा एक हात सतत खिशात होता. आत साडेचारशे व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर तो दाब धरून ठेवतात. दोन हात आत घातले तर विजेची वाट छातीतून जाते. त्यांनी आधी रेझिस्टर लावून साठा उतरवला, मग चारही मोठे कपॅसिटर बदलले. स्पीकरची वायर लागली आहे ना, हे दोनदा पाहिलं, कारण त्याविना ॲम्प चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. नंतर १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये टाकून बटण दाबलं. बल्ब भगभगला आणि हळूहळू मंद झाला. भगभगतच राहिला असता तर आत कुठेतरी शॉर्ट होता. काचेत तांबूस उजेड धरला, आणि १०० ची गुणगुण गेली होती.

“वाजव,” काका म्हणाले.

मित्राने चौथ्या आणि तिसऱ्या तारेवर सा-प धरला. काका खाली वाकून सहाव्या तारेकडे पाहत होते. मित्राच्या तळव्याखाली ती गच्च दबलेली होती.

“मंग हा खालचा कोन वाजवते?” त्यांनी विचारलं, आणि आम्ही त्यांना पुन्हा बसवून घेतलं.