हस्तिदंती चेंडू आणि मायकेल फेलन

12 एप्रिल 1859 रोजी अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात मायकेल फेलन आणि जॉन सीराइटर यांच्यात बिलियर्ड्सचा जो सामना झाला, त्यात 15,000 डॉलर पणाला लागले होते. फेलन जिंकला. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या आणि लहानपणीच अमेरिकेत आलेल्या या माणसाने बिलियर्ड्सलाच आपला व्यवसाय केले होते आणि 1850 मध्ये या खेळावर पुस्तकही लिहिले होते. मात्र जिंकलेल्या पैजांपेक्षा टेबल आणि चेंडू सुधारण्यासाठी त्याने घेतलेला ध्यास मला अधिक मोलाचा वाटतो.

त्या काळी अमेरिकेत दोन पांढऱ्या आणि दोन लाल अशा चार चेंडूंचा खेळ लोकप्रिय होता. आपल्या कॅरमबोर्डावर सोंगटी खड्ड्यात घालायची असते. इथे मात्र आपल्या चेंडूने एकाच फटक्यात आणखी किमान दोन चेंडूंना धडकणे, म्हणजेच ‘कॅरम’, यावर मुख्यतः गुण मिळत. हे किती अवघड आहे, ते साध्या हिशेबाने कळते. चेंडूचा व्यास 60 मिलिमीटर आणि पहिला चेंडू एक मीटर दूर आहे असे धरू. नेम अवघा 0.1 अंश चुकला, तर चेंडू तिथे पोहोचेपर्यंत पावणेदोन मिलिमीटर बाजूला सरकतो. परंतु टक्कर गोलाकार पृष्ठभागावर होत असल्यामुळे पुढच्या दिशेत साधारण 1.6 अंशांचा फरक पडू शकतो, आणि आणखी एक मीटर गेल्यावर चेंडू जवळपास तीन सेंटिमीटर, म्हणजे स्वतःच्या अर्ध्या रुंदीइतका, चुकीच्या जागी असतो. चूक टकरीगणिक वाढत जाणाऱ्या अशा खेळात खेळाडूचा हात कितीही स्थिर असला, तरी साधनांनी दगा देऊन चालत नाही.

पहिली अडचण कुशनची, म्हणजे टेबलाच्या काठावरील गादीची होती. कच्चे रबर थंडीत कडक होई आणि चेंडू मंदपणे परते. रबरात गंधक मिसळून ते तापवण्याच्या प्रक्रियेचे पेटंट चार्ल्स गुडइयरने 1844 मध्ये घेतले, तेव्हा ही अडचण दूर होऊ लागली. फेलनने पुढे कुशनच्या नव्या रचनांची पेटंटे घेतली आणि जावई ह्यू कॉलेंडर याच्यासह टेबलांचा कारखाना चालवला.

चेंडू ज्यापासून बनत, त्या हस्तिदंताचा प्रश्न अधिक बिकट होता. सुळ्याच्या मध्यातून मज्जातंतूची बारीक पोकळी जाते. ती चेंडूच्या केंद्रातून गेली नाही, तर गुरुत्वमध्य सरकतो आणि संथपणे घरंगळणारा चेंडू शेवटी एका बाजूला वळतो. शिवाय हस्तिदंत सर्व दिशांना सारखा आकसत नाही, त्यामुळे हवेतील ओलावा बदलला की गोल चेंडू किंचित लंबगोल होतो. एका सुळ्यातून मोजकेच चांगले चेंडू निघत, आणि त्यांच्यासाठी हत्ती मारले जात. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतच्या झांझिबार बेटाहून निघणाऱ्या हस्तिदंताची त्या शतकात मुंबई ही मोठी पेठ होती, हे आपणही ध्यानात ठेवायला हवे.

पर्यायी पदार्थ शोधणाऱ्यास फेलन आणि कॉलेंडर यांनी 10,000 डॉलरचे बक्षीस जाहीर केले. अमेरिकेतील ऑल्बनी शहरातला मुद्रक जॉन वेस्ली हायट कामाला लागला. त्याच्या सुरुवातीच्या चेंडूंवर नायट्रोसेल्युलोजचा, म्हणजे कापसावर आम्लांची प्रक्रिया करून मिळणाऱ्या ज्वालाग्राही पदार्थाचा, थर असे. पेटत्या सिगारचा स्पर्श होताच तो भडके आणि जोराच्या टकरीत क्वचित बारही उडे, असे पुढे त्यानेच सांगितले. 1870 मध्ये नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांच्या मिश्रणाला उष्णता व दाब देण्याच्या कृतीचे पेटंट त्याला मिळाले, हेच सेल्युलॉइड, म्हणजे सुरुवातीच्या काळातले एक प्लास्टिक. ऑक्टोबर 1871 मध्ये फेलन मरण पावला. कॅरम-बिलियर्ड्सचे नामवंत खेळाडू मात्र विसाव्या शतकातही हस्तिदंती चेंडूंनीच खेळत राहिले.