आशियाचं तिकीट: संतोष करंडकापासून शील्डपर्यंत

आशियातल्या विजेत्या फुटबॉल क्लबांची स्पर्धा १९६७ साली सुरू झाली, तेव्हा भारतात देशपातळीवरची क्लब लीगच नव्हती. त्यामुळे १९६९ मध्ये तिथे खेळायला गेला तो संतोष करंडक, म्हणजे राज्यांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा, जिंकलेला म्हैसूर राज्याचा संघ. पुढच्या वर्षी बंगालचा गेला. १९७७ मध्ये देशभरातल्या क्लबांसाठी फेडरेशन कप आला आणि क्लबांना वाट मिळाली. १९८५ चा कप जिंकून ईस्ट बंगाल आशियात उतरला.

राष्ट्रीय लीग उभी राहायला मात्र १९९६ उजाडलं. साळगावकर, धेंपो, चर्चिल ब्रदर्स या गोव्याच्या क्लबांनी ती गाजवली, तरी एएफसी (आशियाई फुटबॉल महासंघ) चॅम्पियन्स लीगची, म्हणजे आशियाच्या त्याच स्पर्धेच्या नव्या रूपाची, मुख्य फेरी त्यांच्यासाठी बंदच राहिली. आपल्या विजेत्यांचं खरं मैदान दुय्यम दर्जाचा एएफसी कप. धेंपोने २००८ मध्ये त्याची उपांत्य फेरी गाठली, हे आज फारसं कुणाला आठवत नाही याचं वाईट वाटतं.

दार उघडलं २०१९ मध्ये. आशियाई महासंघाच्या मान्यतेने इंडियन सुपर लीग देशाची पहिल्या दर्जाची लीग ठरली आणि साखळीत अव्वल येणाऱ्या संघाला, म्हणजे लीग शील्डच्या मानकऱ्याला, थेट गटफेरीत जागा मिळाली. त्याच मोसमात एफसी गोवा उपांत्य फेरीत हरला, करंडक एटीकेने उचलला. आशियाचं तिकीट मात्र गोव्याला मिळालं. मला हा नियम मनापासून पटतो. बाद फेरीतल्या एका वाईट संध्याकाळने पाच महिन्यांची मेहनत पुसली जाऊ नये.

एप्रिल २०२१ मध्ये फातोर्ड्याच्या रिकाम्या स्टेडियममध्ये (कोविडचे दिवस) गोव्याने कतारच्या अल रय्यानला पहिल्याच सामन्यात ०-० रोखलं. पुढल्या वर्षी मुंबई सिटीने रियाधमध्ये इराकच्या अल कुवा अल जाविया संघाला २-१ हरवलं. या स्पर्धेतला भारतीय क्लबचा तो पहिला विजय. त्यानंतर आशियाचं वेळापत्रकच बदललं आणि दोन मोसमांच्या शील्डविजेत्यांसाठी जागा एकच उरली. म्हणून एप्रिल २०२३ मध्ये मुंबई आणि जमशेदपूर केरळमधल्या मंजेरीत समोरासमोर आले. मुंबई ३-१ ने जिंकली.

२०२४ पासून स्पर्धेचे तीन स्तर झाले. सर्वांत वरच्या एलिट स्तरात तेव्हा भारताला जागा मिळाली नाही. २०२४ आणि २०२५ मध्ये शील्डविजेता दुसऱ्या स्तरात, चॅम्पियन्स लीग टूमध्ये खेळला. सुपर कप ही देशातली बाद पद्धतीची स्पर्धा जिंकणाऱ्याला तिथे आधी पात्रता सामना खेळावा लागला. ऑगस्ट २०२५ मध्ये एफसी गोवाने फातोर्ड्यात ओमानच्या अल सीबला २-१ हरवून तीच पायरी ओलांडली, आणि ऑक्टोबरमध्ये सौदी अरेबियाच्या अल नस्रचा संघ मडगावात खेळायला आला.